गॅसला शिव्या घालण्याआधी एक वायर हलवून बघा

मा. संपादक,

तुमच्या पत्रांच्या पानावर मागे एकाने लिहिलं होतं की सीएनजीच्या गाड्या गोव्यात चालणार नाहीत, आमचे चढ आणि आमचा पाऊस त्यांना झेपत नाही. वाचून हसू आलं, कारण दोन महिन्यांपूर्वी मी पण हेच बोलत फिरत होतो, शिव्यांसकट.

माझी व्हॅन जुनी आहे, २०१२ची. घरची सोलां (आमसुलं), पापड, लोणची भरून दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेतो. पेट्रोल परवडेना म्हणून सीएनजी किट बसवलं, आणि खरं सांगतो, दीड वर्ष काही तक्रार नव्हती. मग या पावसाळ्यात सुरू झालं. फोंड्यातून निघालो की फर्मागुडीच्या चढावर गाडी मधेच हुंदका द्यायची, पाय दाबलेलाच असायचा पण खाली जोरच नाही, दोन सेकंदांनी परत झटका मारून पुढे, मागे लोणच्याच्या बरण्या एकमेकांवर आपटतायत आणि त्याच्या मागे कदंबाची बस हॉर्न वाजवतेय. सिग्नलला उभी केली की इंजिनचा आवाज आपोआप वर-खाली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी आपोआप विझायचा. बाणस्तारीचा पूल ओलांडून सपाटीला लागलो की शहाण्या मुलासारखी चालायची.

गॅरेजमध्ये नेली तर बॉनेट उघडायच्या आधीच निकाल, "पात्रांव (मालक), गॅसाचो प्रॉब्लेम." गॅसचा फिल्टर बदलला. मग प्लग बदलले. मग रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, उघडून साफ केला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरी, पाऊस पडला की परत तेच. शेवटी दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०१२२. मेकॅनिकने मोबाईलवर बघितलं, म्हणाला टीपीएस गेला, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. नवीन बसवला, कोड पुसला, २२०० रुपये घेतले. पुढच्या शुक्रवारी फर्मागुडीला परत हुंदका. आत्तापर्यंत पावणेपाच हजार गेले होते, मजुरी वेगळीच.

आता हा टीपीएस म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. आपण अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय म्हणजे हवेची झडप किती उघडलीय, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा हा भाग. आत जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच करामत असते, पट्टीवर फिरणारा एक काटा. तीन वायरी, एकीतून ५ व्होल्ट येतात, एक अर्थिंग आणि तिसरी सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास, गाडीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. पाय हळूहळू दाबला तर आकडा पण हळूहळू, न अडखळता चढला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा पडला तर पट्टी तिथे झिजलीय. नव्या गाड्यांत केबल नसते, त्यात दोन-दोन सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात, पण माझी केबलवाली, सोपी.

ज्याने माझी गाडी दुरुस्त केली तो बांदोड्याकडचा एक म्हातारा ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याने पहिला प्रश्न विचारला तो इतक्या दिवसांत कोणीच विचारला नव्हता, "पेट्रोलार कशी चलता?" मी म्हटलं पेट्रोलवर मी फक्त स्टार्ट करतो आणि पाच मिनिटं चालवतो. तो म्हणाला चल, आणि पेट्रोलवर फर्मागुडी चढवली. तसाच हुंदका, थोडा कमी, पण तोच. म्हणजे बिघाड गॅसच्या बाजूला नाहीच, दोन्ही इंधनांना जे सामायिक आहे त्यात आहे. गॅसवर जास्त जाणवतो याचं कारण असं की सीएनजी हवेबरोबर सिलिंडरमध्ये जागा अडवतो, त्यामुळे पेट्रोलपेक्षा ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमीच असते, त्यात सिग्नल गेला की गाडी लगेच बसते. पाच मिनिटांत आणि एक पैसा खर्च न करता अर्धं निदान झालं.

मग त्याने चावी ऑन केली, इंजिन बंद, आणि मीटर काढला. साधा मीटर, डिजिटल सुद्धा नाही, काट्याचा. डिजिटलचा आकडा मागून येतो, सिग्नल क्षणभरच पडला तर दिसत नाही, काटा मात्र लगेच उडतो असं त्याचं म्हणणं. सेन्सरच्या सॉकेटमागून टाचणी घालून बघितलं, ५ व्होल्ट येतायत, अर्थिंग ठीक, सिग्नल खालून वरपर्यंत मस्त चढतोय. आता माझा नवीन सेन्सर चांगलाच असणार हे उघड होतं. मग त्याने तीच सिग्नलची वायर दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरच्या सॉकेटपाशी मोजली आणि मला म्हणाला हात घालून वायरींचा गुच्छ हलव. हलवला, आणि काटा धपकन शून्यावर. सोडला, परत वर.

सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मधे किटवाल्याने एक जोड मारला होता. माझं किट जुन्या पद्धतीचं, मिक्सरवालं (गॅस हवेत मिसळून इंजिनला देणारं), त्याच्या छोट्या कॉम्प्युटरला पण पाय किती दाबलाय ते कळावं लागतं म्हणून सिग्नलची वायर मधेच सोलून त्यावर दुसरी वायर पिळून काळी टेप गुंडाळलेली. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून चिकट झालेला, आत पाणी गेलेलं, आणि टेप सोडवली तर तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. सात-आठ तारांतल्या दोन शाबूत होत्या. चढावर जोर लागला की इंजिन मांडणीवर थोडं कलंडतं, तेवढा ताण त्या दोन तारांवर यायचा, म्हणून चढावर हुंदका आणि सपाटीला गाडी गुणाची. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पिळलेला उघडा जोड किती दिवस टिकणार? त्याने तेवढा तुकडा कापला, नवीन वायर सोल्डर केली, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. तीनशे रुपये. त्यानंतर सात शुक्रवार झाले, एकदाही अडखळली नाही, त्यातले चार तर धो धो पावसाचे.

पी०१२२चा अर्थ त्यानेच समजावला. टीपीएसच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी येतंय, एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर खराब आहे असं तो कुठेच म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, सॉकेट, तिन्ही वायरी आणि त्यावरचे सगळे जोड. स्कॅनरने गल्ली दाखवली आणि आमच्या मेकॅनिकने पहिलंच घर पाडलं. जुना सेन्सर मी भंगारच्या डब्यातून उचलून आणला होता (सवय आमची), तो पण ओहमवर मोजून घेतला, एकदम ठणठणीत. अजून डॅशबोर्डच्या खणात पडलाय.

मेकॅनिकांना दोष द्यायला हे लिहीत नाही, निदान फक्त त्यांनाच नाही. आपल्याकडे पेट्रोल-डिझेलवर हात बसलेली माणसं आहेत, आवाजावरून इंजिनचा बिघाड सांगतात, पण सीएनजी आपल्याला नवीन आणि मीटर धरायला कोणी शिकवलंच नाही. गॅसची गाडी आली की सगळं पाप गॅसचं. वाचकांना एवढंच सांगेन की पार्ट बदलायच्या आधी पेट्रोलवर चालवून दाखवायला सांगा, किती व्होल्ट आले ते बिलावर लिहून मागा आणि जुना पार्ट परत घ्या. मीटरची तपासणी गॅसला हात न लावता होते, तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून मगच करा, गॅसच्या नळ्यांत २०० बारचा दाब असतो, घरी पाना घेऊन रिड्यूसर खोलायला जाऊ नका. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावीच लागते, तेव्हाच किटवाल्याकडून सगळे जोड उघडून बघून घ्या, पिळून टेप मारलेले असतील तर सोल्डर करून मागा.

आणि एक मागणी सरकारकडे. फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये, किंवा जिथे सोयीचं असेल तिथे, गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी गॅसच्या गाड्यांच्या वायरिंगचा आणि सेन्सर मोजण्याचा महिन्याभराचा वर्ग सुरू करा. पण ठेवायचा तर संध्याकाळी सातनंतर ठेवा, दिवसा ठेवलात तर गॅरेज बंद करून एकही जण येणार नाही.

आपला,
एक व्हॅनवाला, फोंडा