काका, टाकी अजून भरलेली आहे!

रिपेअरवाले काका, नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही माहितीये, पण पोरगी वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, नाहीतर दुकानात आलो की शिव्या बसतील.

गच्चीवरच्या कुंड्यांना मोबाईलवरून पाणी द्यायचं खूळ माझंच. नोडएमसीयू (वायफायवाला छोटा बोर्ड) आणला, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणला, १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह आणला आणि स्प्रिंकलर काही फिरेना. मी आपला दोन दिवस कोडमध्ये डोकं घालून बसलो. तुम्ही वर आलात, टाकीकडे बघितलंत आणि म्हणालात, "अरे जेमतेम ३ मीटर उंची, यात चिमणी पण भिजणार नाही." ३ मीटर म्हणजे पाण्याचा दाब जेमतेम ०.३ बार, हे मी शाळेत शिकलो होतो हो! मग तुम्हीच कुणाच्या तरी मोडक्या बॅटरीवाल्या फवारणी पंपातली मोटर काढून दिलीत, मोटर आणि व्हॉल्व्ह दोन्हीला एकेक डायोड (बंद होताना उसळणारा विजेचा झटका जिरवणारा तुकडा) लावलात, त्याची पट्टी प्लसकडे, आणि बंद होताना बोर्ड जो रिसेट व्हायचा तो थांबला.

पण खरे आभार त्या रात्रीचे. लाईट गेली, आली, येताना राऊटरचा ॲडाप्टर जळाला, आणि सकाळी ५०० लिटरची टाकी कोरडी, पाणी जिन्यावरून खाली. घरच्यांनी काय ऐकवलं ते लिहीत नाही. तुम्हाला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच म्हणता, पण तुम्ही नुसतं बटण चालू-बंद करून कान लावून बसलात आणि म्हणालात, "वायफाय मिळायच्या आधीच टिक वाजतंय बघ." तिथेच सापडलं सगळं. रिले उलट्या डोक्याचा, बोर्डाची पिन लो झाली की चालू, हाय झाली की बंद. मी पिन आऊटपुट केली की ती लो, आणि हाय करायची ओळ वायफाय मिळेपर्यंत थांबणाऱ्या लूपच्या खाली! राऊटर मेला म्हणजे लूप संपणारच नाही, पाणी चालूच. आता आधी हाय, मग आऊटपुट, वायफाय सगळ्यात शेवटी, आणि काहीही झालं तरी १० मिनिटांनी बंद.

(सकाळी ६ चं पाणी भर उन्हात साडेअकराला सुटायचं ते मात्र माझं मी शोधलं, बोर्ड नेटवरून जागतिक वेळ (यूटीसी) घेतो, त्यात आपले साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद मिळवायचेच राहिले होते. तेवढं तरी क्रेडिट द्या.)

मजुरी घेतली नाहीत, क्लॅम्पचे ३० रुपये मात्र मोजून घेतलेत. दुकानाच्या पत्र्यावर मिरच्या लावायच्या म्हणत होतात ना, दुसरा बोर्ड आणून ठेवलाय. रविवारी येतो, शिडी तेवढी काढून ठेवा.