बुचाची सातवी सही

सोलापूर, १८ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

पाच महिने पत्र नाही. तुझा फोन आला की ‘नंतर करतो’ म्हणून गप्प. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. इकडं सगळे बरे, आईचे गुडघे आहेत तसेच.

तुमच्या वाड्यातलं बुचाचं झाड पाडलं बे.

जूनच्या वावटळीत एक फांदी कुणाच्या तरी गाडीवर आली. लाकूड ठिसूळ, म्हणून तर आजोबा आपल्याला वर चढू द्यायचे नाहीत. गल्लीनं अर्ज केला, त्यावर सातवी सही माझी. मला वाटलं फांद्या छाटायचा अर्ज आहे, कागद वाचलाच नाही. खरं सांगू? वाचला असता तरी केली असती. सगळी गल्ली समोर उभी होती रे. सालीचा एक तुकडा उचलून आणलाय, टेबलावर ठेवलाय. नख दाबलं की आत जातं.

परवा रात्री लाईट गेली म्हणून अंगणात बसलो होतो. आपण सिमेंटच्या पोत्यात त्याच बुचाचा फुटवा बांधून सायकलवरून जुळे सोलापूरला आणला होता, आठवतं? (तू मागं बसून नुसतं ‘हळू, हळू’. पायडल मी मारत होतो.) तो आता गच्चीच्या वर गेलाय, नुसता पांढरा फुललाय. वास तुला सांगायला नको. तेवढ्यात फुलापुढं काहीतरी घरघरलं. मोबाईलचा टॉर्च मारला, तर बोटाएवढा पतंग! हवेत एका जागी थांबलेला, पोटावर गुलाबी पट्टे आणि दोऱ्यासारखी लांब सोंड थेट नळीत घातलेली. बुचाच्या फुलाची नळी दोन-अडीच इंचांची, तळाचा मध मधमाशीला कुठला पोचायला?

तेव्हा आपलं ते भांडण, बुचाचा मध कोण पितो. तू म्हणायचास हमिंगबर्ड, मी म्हणायचो वटवाघूळ. हमिंगबर्ड उत्तर-दक्षिण अमेरिकेबाहेर नसतोच, आणि वटवाघळाला सोंड नसते. दोघंही हरलो. पार्क चौकातली भेळ मात्र तू माझ्याकडून खाल्लीस, ती परत कर.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. हा गडी रात्र रात्र खपतो, तोंडाला परागही लागत असणार, तरी शेंग एकही नाही. तुमच्या झाडालाही कधी दिसली नाही. तुझी आत्या ‘वांझ’ म्हणायची. मग वाचलं. झाड मूळ ब्रह्मदेशाकडचं, आपल्याकडं बहुतेक मुळांच्या फुटव्यांनीच वाढवलेलं. फुटवा म्हणजे तेच झाड. त्याला स्वतःचा पराग चालत नाही, वेगळ्या बीपासून आलेलं बुच जवळ लागतं. मिळालं तर फूटभर चपटी शेंग, आत पंखवाल्या पातळ बिया. म्हणजे इतकी वर्षं तुमचं आणि माझं झाड एकच होतं, आणि पतंग एकाचंच एकाला देत होता.

म्हणजे झाड अजून आहे, असं तुला सांगणार होतो. पण लिहिताना पटेना. वाड्याच्या पायऱ्यांवर पहाटे सडा पडायचा, दोऱ्याशिवाय वेणी गुंफायला आई तिथंच बसायची. ते माझ्या अंगणात कुठनं येणार?

नव्या घराचं अभिनंदन राहिलंच. वहिनींची बदली झाली का? पिंटीचं बारावीचं काय?

गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा पुण्याच्या एखाद्या बुचाचा फुटवा घेऊन ये, मूळ ओलं ठेव. भिंतीकडं खड्डा खणून ठेवतो. सहीबद्दल जे बोलायचं ते तेव्हा तोंडावर बोल.

तुझा,
पम्या