पहिली मात्रा गावाजवळच मिळायला हवी : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य.

विषय : सर्पदंश, विंचूदंश आणि इतर नैसर्गिक विषबाधांवरील पहिले उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू होण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सर्पदंशाने कोणी दगावले की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : आरोग्य केंद्रात लस, म्हणजे विष निकामी करणारे प्रतिविष, होती की नव्हती? प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक विष शरीरात वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेगाने काम करते. कोणते विष आधी श्वास बंद पाडते, कोणते रक्त बिघडवते आणि कोणते हृदयावर घाला घालते, हे ध्यानात घेऊन केंद्राची तयारी केलेली नसेल, तर कपाटात लस असूनही रुग्ण हातचा जातो. ग्रामीण भागात रुग्ण तपासणारा एक डॉक्टर म्हणून याच मुद्द्यासाठी मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज मृत्यूंच्या देशव्यापी सर्वेक्षणावरून काढला गेला आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-लावणीच्या महिन्यांतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर सुरुवात गावापासून जवळ असलेल्या केंद्रातूनच व्हावी लागेल.

मण्यारीचे उदाहरण घ्या. ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. सूज नाही, वेदना नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते. घरच्यांना वाटते की अपचन झाले किंवा वारे गेले. तोवर विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन या घटकाने मज्जातंतूंची टोके, जिथून स्नायूंना हालचालीचा संदेश जातो, ती आतून उद्ध्वस्त करायला घेतलेली असतात. एकदा ती नष्ट झाली की प्रतिविष कितीही दिले तरी परत जोडली जात नाहीत. शरीराला ती नव्याने उगवावी लागतात आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे असतात आणि कोणीतरी बाहेरून श्वास देत राहणे हाच उपचार असतो. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, हातपाय हलत नाहीत, आणि तरीही तो आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो. अशा माणसाला मृत समजून प्रयत्न थांबवणे, यासारखी भयंकर चूक वैद्यकात दुसरी नसेल.

नागाचे विषही स्नायूंना लुळे करते, परंतु त्याची रीत निराळी आहे. त्यातले रेणू स्नायूवरच्या ग्राहक-जागा अडवून बसतात, मज्जातंतू मोडत नाहीत. म्हणून नागदंशात वेळेवर दिलेले प्रतिविष आणि त्याच्या जोडीला निओस्टिग्मिन व अ‍ॅट्रोपिन यांचा गुण अनेकदा थोड्याच वेळात दिसू लागतो. मण्यारीत हीच औषधे सहसा निराशा करतात. दोन्ही ठिकाणी एक गरज मात्र समान आहे : रुग्णवाहिकेच्या प्रवासात श्वास थांबला तर तो चालू ठेवणारी पिशवी, ती नीट दाबता येणारा माणूस, आणि शक्य तिथे श्वासनलिकेत नळी घालण्याचे कौशल्य. श्वास देणारी ही पिशवी स्वस्त आहे, वर्षानुवर्षे टिकते आणि वीज नसतानाही चालते. ती कुलूपबंद कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे.

घोणस आणि फुरसे यांचा हल्ला रक्तावर असतो. घोणशीच्या विषातील एक घटक रक्त गोठवण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला चालना देतो, तर फुरशाच्या विषातील इकॅरिन हा घटक त्याच साखळीतल्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला थेट. परिणाम वरवर उलटा भासतो : रक्त गोठवणारी प्रथिने शरीरभर इतक्या वेगाने खर्ची पडतात की खऱ्या जखमेच्या वेळी गोठायला काही शिल्लकच राहत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुईच्या टोचणीतून रक्त झिरपत राहते, आणि दुर्दैवाने कधी मेंदूतही. घोणशीच्या दंशात त्यावर रक्तदाब कोसळणे आणि मूत्रपिंडे बंद पडणे यांची भर पडते. काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथीही कायमची दुबळी होते, आणि वर्षा-दोन वर्षांनी आलेला थकवा कोणी त्या जुन्या दंशाशी जोडूनही पाहत नाही.

या सगळ्याचा अंदाज घेणारी तपासणी अतिशय साधी आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष द्यायला हवे. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये रक्त गोठायला वेळ लागतो. आणि ती डिटर्जंटने धुतलेली नको, कारण त्यानेही निकाल चुकतो. प्रतिविषाने रक्तातले विष निकामी केल्यावरही यकृताला नवी प्रथिने तयार करायला सुमारे सहा तास लागतात. म्हणून ही तपासणी दर सहा तासांनी पुन्हा करावी लागते. हे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण खरेदीच्या यादीत काचेच्या नळ्यांची ओळ नसली तर प्रतिविषावरचा मोठा खर्च अंदाजाच्या भरवशावर होतो.

आता लसीविषयी. आपले बहुगुणी प्रतिविष घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून बनवले जाते आणि ते वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. पहिली मात्रा सहसा १० कुप्यांची असते आणि तिच्यामागे साधे गणित आहे. एक मिलिलिटर प्रतिविष घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते, म्हणजे दहा मिलिलिटरच्या १० कुप्या सुमारे ६० मिलिग्रॅम. आणि घोणस एका दंशात सरासरी तेवढेच विष सोडते. साप माणसाचे वय पाहून विष सोडत नाही, म्हणून मुलांनाही मात्रा तेवढीच द्यायची असते. एखाद्या केंद्रात चार-पाच कुप्या ठेवून साठा आहे असे कागदोपत्री लिहिले जात असेल, तर तो साठा एकाही रुग्णाच्या पहिल्या मात्रेला पुरत नाही. प्रत्येक केंद्रात, विशेषतः मे महिन्यापासून, किमान दोन रुग्णांची पूर्ण पहिली मात्रा असावी, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

साठा असूनही लस न देता रुग्णाला पुढे धाडले जाते, त्याचे मूळ अनेकदा भीतीत असते. घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी येते, रक्तदाब पडतो, दम लागतो. तरुण वैद्यकीय अधिकारी एकटा असतो, बाहेर नातेवाइकांचा जमाव असतो, आणि काही वाईट घडले तर आपल्या मागे कोणी उभे राहणार नाही असे त्याला वाटते. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. मांडीच्या स्नायूत तातडीने दिलेले अ‍ॅड्रेनालिन ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा आटोक्यात आणते. ते आधीच सिरिंजमध्ये भरून तयार ठेवायचे असते. त्वचेवरची पूर्वचाचणी निरुपयोगी आहे, तिने फक्त वेळ जातो. या गोष्टी हाताला सवय होईपर्यंत शिकवाव्या लागतात, परिपत्रक पाठवून त्या येत नाहीत. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांचे प्रत्यक्ष सरावाचे प्रशिक्षण व्हावे, रात्री-अपरात्री फोनवर सल्ला देणारा तज्ज्ञ जिल्हा पातळीवर नेमलेला असावा, आणि मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सद्भावनेने उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी विभाग उभा राहील, असे आपण लेखी जाहीर करावे.

विंचवाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने जगाला वाट दाखवली आहे. कोकणातील लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते. त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचे वादळ उठते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या वादळावर रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हेही दिसले. जी गोळी रायगडातल्या एका ग्रामीण डॉक्टरने जगाला दिली, ती राज्यातल्या एकाही प्राथमिक आरोग्य केंद्रात संपलेली असू नये. लहान मुलाच्या हृदयावर हे विष काही तासांत मात करते, हे इथे वेगळे सांगायला हवे.

वनस्पतींच्या विषांकडे तर आपल्या आराखड्यांचे लक्षच नाही. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बियांमधील घटक हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतात. नाडी मंदावते, ठोके चुकतात आणि हृदय अचानक थांबू शकते, म्हणून असा रुग्ण वरून बरा दिसला तरी ईसीजी काढून नजरेखाली ठेवावा लागतो. धोतऱ्याने तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो. त्याला मानसिक आजार समजून भलतीकडे नेले जाते. शाळेच्या कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि एकाच वेळी दहा-वीस मुले उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. शाळा आणि अंगणवाड्यांच्या आवारातली ही कुंपणे काढून टाकण्यासाठी आरोग्य, शिक्षण आणि ग्रामविकास या विभागांचा एक संयुक्त आदेश पुरेसा आहे.

आणखी एका बाबीकडे आपले लक्ष वेधतो. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनासह अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. आणि प्रतिविषासाठी लागणारे विष मात्र वर्षानुवर्षे मुख्यतः तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या सापांवर तर आजची लस प्रभावी नाही. लस बनवणारी मुंबईची हाफकिन ही राज्याच्याच मालकीची संस्था आहे. कातळसड्यांवरचे फुरसे आणि आपल्याकडची घोणस यांचे विष गोळा करून आजची लस त्यावर किती चालते हे तपासण्याचे काम तिच्याकडे, पुरेशा निधीसह, सोपवता येईल. या कामाला वर्षे लागतील. म्हणूनच ते याच वर्षी सुरू व्हावे.

वाचलेल्यांचे काय, हा प्रश्नही उरतोच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्या योजनेतील अपंगत्व डोळे आणि हातपाय यांच्यापुरते मर्यादित आहे. घोणशीच्या दंशानंतर ज्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आणि जो आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जातो, तो शेतकरी तिच्या बाहेर राहतो. कृषी विभागाशी बोलून ही व्याख्या विस्तारावी, आणि दंशानंतर लघवी कमी झालेल्या प्रत्येक रुग्णाची पुढे काही महिने क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची, तपासणी विनामूल्य व्हावी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे सर्व राज्यांना कळवले. त्या नोंदीत केवळ दंश झाला आणि रुग्ण दगावला किंवा वाचला एवढेच लिहिले गेले, तर तिचा उपयोग मर्यादित राहील. दंश किती वाजता झाला, पहिली मात्रा कुठे आणि किती वाजता मिळाली, किती कुप्या लागल्या, श्वास द्यावा लागला का, रुग्णाला पुढे पाठवताना सोबत कोण होते, हेही त्यात असावे. ही माहिती, रुग्णांची नावे वगळून, तालुकावार दर महिन्याला विभागाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी. कोणत्या तालुक्यात दंश आणि पहिली मात्रा यांच्यात सहा-सहा तास जात आहेत ते त्यावरून आपल्याला, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांनाही दिसेल. पहिली यादी येत्या जूनची असावी, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
ग्रामीण भागातील एक डॉक्टर