निर्वासितांच्या डॉक्टर

संपादक महोदय,

स्वातंत्र्यदिन जवळ आला की फाळणीतल्या कत्तली आणि वाटाघाटींवर भरभरून छापून येते. छावण्यांतल्या आजाऱ्यांना कोणी पाहिले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. ऑगस्ट १९४७ च्या पहिल्या आठवड्यात गांधीजी पश्चिम पंजाबातल्या वाह छावणीत गेले. मार्चच्या दंगलीत होरपळलेली हिंदू-शीख कुटुंबे १५ ऑगस्टच्या धास्तीने हवालदिल झाली होती. गांधीजींनी आपल्या डॉक्टर सुशीला नायर यांनाच तिथे ठेवले. केवढा धीर वाटला असेल त्या लोकांना!

याच सुशीलाबाई पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या, १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. माझी आई तिथे भरती होती, तेव्हा व्हरांड्यात डबा उघडून बसलेल्या खेड्यांतल्या बाया त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत. वाहचे नाव तिथे कोणाच्या तोंडी नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले.

कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधी निर्वासितांची बाळंतपणे कोणी केली, तापाच्या पोरांना औषध कोणी दिले? हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या दैनिकाने त्यांच्याकडे वार्ताहर पाठवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वर्धा