तिकिटे काढली आहेत, रागावू नका

फीनिक्स, ॲरिझोना

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगितले असते तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने आज भाजी कोणती केलीस ते विचारले असते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची तुम्हां दोघांची तिकिटे काढली आहेत. दादा, वहिनी आणि चिनू मुंबईहून तुमच्याबरोबर त्याच विमानात असतील, त्यामुळे वाटेत विमान बदलताना कुठे जायचे, कोणाला विचारायचे, ही चिंता तुम्हांला नाही. व्हिसा मागच्या वेळचाच चालतो. इथे येऊन थोडे विसावल्यावर आपण सगळे मिळून ग्रँड कॅन्यनची दरी, पेज हे गाव, आणि ब्राइस कॅन्यन व झायन ही राष्ट्रीय उद्याने असे फिरणार आहोत, आणि तेही निव्वळ पाहण्यासाठी नव्हे तर फोटो काढण्यासाठी.

आधी विचारले नाही हे तुम्हांला लागेल, याची मला कल्पना आहे. पण ग्रँड कॅन्यनच्या कड्यालगतच्या निवासांतल्या खोल्या वर्षभर आधीच भरून जातात, आणि कोणीतरी सोडलेल्या शेजारशेजारच्या खोल्या, त्याही तळमजल्यावरच्या, अचानक समोर आल्या तेव्हा सांगलीत मध्यरात्र उलटून गेली होती. लांबच्या गावात उतरलो असतो तर पहाटेच्या उजेडासाठी रोज अंधारात तासभर गाडी हाकावी लागली असती आणि आईचा गुडघा गाडीतच आखडला असता. बुकिंग रद्द करता येते, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण करू नका.

आईचा पहिला आक्षेप मला इथूनच ऐकू येतो, की एप्रिल-मे म्हणजे कुरडया, सांडगे, पापड आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला. मिरच्या मार्चमध्येच घे, वाळव आणि मसाला महिनाअखेर डंकावर कुटून घे. कुरडयांचे काम माईमावशीकडे सोपव. तिच्या कुरडया जाड होतात हे मला माहीत आहे. एक वर्ष जाड खाऊ. मेच्या मध्यात तुम्ही घरी परत असाल, म्हणजे आंबाही पूर्ण चुकणार नाही. आणि आई, तू मागे आलीस ती माझ्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, अळीव, शेकशेगडी आणि रात्रीची जागरणे यांतच तुझे सगळे दिवस गेले. ग्रँड कॅन्यन आमच्या घरापासून गाडीने चार तासांच्या आत आहे आणि तो तू पाहिला नाहीस, हे त्या रस्त्याची पाटी दिसली की मला दर वेळी टोचते. या खेपेला तुला इथे कोणाचेही काही करायचे नाही.

बाबा, पुरात गेलेल्या तुमच्या फोटोंच्या डब्यांबद्दल मी काही लिहीत नाही. त्यानंतर तुम्ही "आता काय काढायचे" म्हणता, त्यावर वादही घालत नाही. फक्त कामाचे बोलते, कारण तिथे एक अडचण अशी आहे की ती तुमच्याशिवाय सुटणार नाही. उन्हाळ्यात अकरा ते चार कॅमेरा पिशवीत, हे तुम्ही आम्हांला घोकवून घेतले आहे. पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये नेमके याच्या उलट आहे. ती वालुकाश्मात पाण्याने कोरलेली अरुंद घळ आहे, वरची आणि खालची अशा दोन भागांत. वर आकाशाची नुसती फट दिसते, आणि ऊन तळापर्यंत पोहोचते ते सूर्य डोक्यावर आल्यावरच. साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारच्या सुमारास वरच्या घळीत उन्हाचे झोत सरळ वाळूवर उतरतात. एप्रिल निवडण्याचे खरे कारण हे आहे. बाकीची कारणे नंतर जुळली. तिथे ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, पाठीवरची पिशवीही नाही, त्यामुळे कॅमेरा हातात धरून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवूनच काम करावे लागते. झोत पांढरा जळू द्यायचा की भिंतीचा रंग काळवंडू द्यायचा, हे उभ्या उभ्या ठरवायचे असते, कारण मागून पुढचा गट आलेलाच असतो. हे पटकन ठरवू शकणारा माणूस आपल्या घरात एकच आहे.

शिवाय तुमच्या डोळ्यांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही म्हणाला होतात की देवघराची भिंत निळसर आहे हे आज कळले. पिवळट पडलेले मूळ भिंग निळा रंग अडवत असते, नवे तेवढा अडवत नाही. त्या घळीत भिंतीवरून उसळलेले ऊन केशरी दिसते आणि आकाशाच्या उजेडात राहिलेला सावलीचा भाग जांभळटाकडे झुकतो, अगदी हातभर अंतरावर. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग आपोआप सारखे करणाऱ्या सोयीला, हा फरक पुसून टाकायची खोड असते. चिनूच्या मोबाइलला तर तो दिसतही नाही. तुम्हांला दिसेल.

आई, दादाने तुला 1997 सालची बातमी सांगितली हे मला वहिनीकडून कळले, आणि त्यासाठी मी त्याला पुरेसे बोलले आहे. लपवण्यासारखे काही नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लांब कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरला आणि 11 पर्यटक गेले. आता नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या त्या जमिनीवर त्यांच्या वाटाड्याशिवाय घळीत पाऊलही टाकता येत नाही, हवामान बिघडले की फेऱ्या बंद ठेवतात, आणि तिकडचे वादळी पावसाचे दिवस मुख्यतः जुलै ते सप्टेंबरचे आहेत, एप्रिलचे नाहीत. आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत मोजत रात्र काढलेल्या माणसांना पाण्याची भीती कोणी शिकवायला नको, म्हणूनच मी हे सगळे दोनदा विचारून घेतले. खालची घळ तशीही आपण घेतलेली नाही, कारण तिच्यात लोखंडी जिने उतरावे लागतात. वरच्या घळीच्या आत मात्र सपाट वाळूवरून चालणे आहे.

ग्रँड कॅन्यन सुमारे 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. कोलोरॅडो नदीने तो कापला आहे. आईला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याच्या आतल्या सुळक्यांना विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांच्या मंदिरांची नावे आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची नावे तिकडे नेली. तळाशी उघडा पडलेला काळा खडकही विष्णूच्याच नावाने ओळखला जातो आणि तो सुमारे 175 कोटी वर्षांचा आहे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचाच. फोटोच्या दृष्टीने मात्र ही जागा अवघड आहे. दुपारी सगळे सपाट आणि धुरकट दिसते, आणि इतके मोठे काहीतरी असूनही चौकटीत काहीच उरत नाही. पहाटे आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात एकेक कडा मागच्यापासून सुटा होतो, तेवढाच वेळ आपला. दुपारी तुम्ही झोपा.

इथे एक गोष्ट मी हुकूम म्हणूनच लिहिते. कड्यावर बहुतेक ठिकाणी कठडा नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना बाबांनी पुढे, मागे किंवा बाजूला एकही पाऊल टाकायचे नाही. चौकट बसत नसेल तर कॅमेरा खाली घ्यायचा, पायाखाली पाहायचे, मग सरकायचे. जयसिंगपूरच्या लग्नात मांडवाच्या दोरीने वाचवले होते. इथे दोरी नाही. पेजजवळच्या हॉर्सशू बेंडलाही हाच नियम आहे. तिथे नदी 300 मीटर खाली आहे आणि कठडा थोड्याच भागाला आहे. तिथे जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आतले चालणे होते, वाट रुंद पण बिनसावलीची आहे, म्हणून सकाळी लवकर जायचे आणि टोपी काढायची नाही.

दादाची यादी याच्या दुप्पट होती. त्याला आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली असे सगळे एका दमात उरकायचे होते. मॉन्युमेंट व्हॅलीतला आतला रस्ता कच्चा आणि धक्क्यांचा आहे, तो बाबांच्या कमरेला मानवणारा नाही, म्हणून ती मी गाळली. आणि खरे सांगायचे तर गाळली नसती तरी मला फिरणे आणि हजेरी लावणे यांतला फरक राखायचाच होता. एका कड्यावर लागोपाठ दोन पहाटे उभे राहिले तर दुसऱ्या दिवशीचा फोटो वेगळा येतो, हे मी तुमच्याचकडून शिकले आहे. झायनमध्ये दरीच्या आत बसने फिरता येते आणि नदीकाठी फरसबंद वाट आहे, तिथे आईने हवे तेवढेच चालावे. साखळी धरून चढायच्या वाटेवर दादा एकटा जाईल. ब्राइसला दगडाचे हजारो सुळके आहेत, फटींत शिरलेले पाणी रात्री गोठून आणि दिवसा वितळून फोडलेले. ते वरच्या फरसबंद वाटेवरूनच उत्तम दिसतात. चिनूचा ड्रोन पुण्यातच राहील; राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे.

उंचीचाही विचार केला आहे. ग्रँड कॅन्यनचा आपला कडा 2,100 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट, आणि ब्राइस त्याहून उंच, 2,400 मीटरच्या वर. म्हणून आधी फीनिक्सला विश्रांती, मग ग्रँड कॅन्यन, मध्ये पेजला खाली उतरायचे आणि ब्राइस त्यानंतर. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतच नाही आणि तहानही उशिरा लागते. बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांना ही उंची आणि हा कोरडेपणा सांगून डोस विचारा आणि त्यांनी सांगितलेले तारखेसह लिहून आणा. "काही नाही म्हणाले" हे उत्तर मी धरणार नाही. सर्व गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. आईच्या गुडघ्यातल्या कृत्रिम सांध्याचे कार्डही त्यातच असू दे, विमानतळावरचे यंत्र त्या धातूला वाजते. विमानतळावर दोघांसाठी चाकाची खुर्ची सांगितली आहे. बाबा, ती आजाऱ्यांसाठी असते असे म्हणू नका. लांबच लांब रांगा टळतात, एवढेच तिचे कारण समजा. आणखी एक घोळ असा की ब्राइस आणि झायन ज्या राज्यात आहेत त्या युटाचे घड्याळ एप्रिलमध्ये ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते आणि पेजजवळ मोबाइल दोन्हींच्या मध्ये उड्या मारतो, म्हणून गोळ्यांसाठी बाबांचे मनगटी घड्याळ फीनिक्सच्या वेळेवर ठेवायचे आणि कोणी काही म्हटले तरी बदलायचे नाही.

सोयींची काळजी करू नका. पहाटे चहा मिळेल. किटली, आपली चहापूड आणि आले मी बरोबर घेते आहे. पेजला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे, तिथे कुकर लावून वरणभात होईल, तो मी आणि वहिनी करू. संडासात ठेवायला प्लास्टिकचे मोठे मग घेऊन ठेवले आहेत, प्रत्येक खोलीला एक, म्हणजे आईला त्यावरून कोणाला कुजबुजत विचारावे लागणार नाही. मेतकूट आणि लसणाची चटणी आण. तांदूळ, बी-बियाणे, ताजी फळे अजिबात नको, आणि जे आणाल ते विमानतळावर स्पष्ट सांगा. ब्राइसच्या पहाटेसाठी लोकरीची कानटोपी, आणि बाबा, ती माकडटोपीच आणा, लाजू नका. नवे बूट आत्ताच घेऊन रोज घालून सैल करा.

दादा रविवारी एक हलका डिजिटल कॅमेरा घेऊन घरी येईल. तो परत पाठवू नका. तुमच्या खांद्याला पूर्वीची ती पिशवी आता झेपत नाही. तुमचा जुना रोलचा कॅमेरा, यशिका, आणायचा असेल तर जरूर आणा, पण रोल भारतातून आणू नका, विमानतळावरच्या नव्या यंत्रांनी ते खराब होतात. इथे घेऊ आणि इथेच धुऊन घेऊ. तोवर नवा कॅमेरा पहाटे कृष्णेच्या घाटावर नेऊन हात बसवा, पूर्ण अंधार असताना बटणे सापडली पाहिजेत. अँटिलोपला अकराची आणि साडेबाराची अशा दोन फेऱ्या मी तूर्त धरून ठेवल्या आहेत. झोत कुठल्या वेळी हवा ते तुम्हीच ठरवायचे आहे. दादाबरोबर वेळ कळवा म्हणजे मी दुसरी सोडून देईन. डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच्याच मोबाइलवरून पाठवा.

कळावे,
तुमची,
धाकटी