सातबारे चार झाले, नकाशा अजून एकच! महसूलमंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूलमंत्री साहेब, नमस्कार.

आधी जे चांगलं झालंय ते बोलतो. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, बँक पण तो चालवून घेते, फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, कुठवर आलाय ते ऑनलाईन दिसतं, पूर्वी याच कामाला तलाठ्याकडे किती हेलपाटे व्हायचे ते आम्हालाच माहिती. पण साहेब, हे सगळं कागदाचं झालं, जमिनीचं राहिलंय.

आमचंच बघा. आजोबांचा एक गट, म्हणजे एका नंबरची जमीन, वारसाने चार हिस्से पडले, चार सातबारे वेगळे झाले. आणि भूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन नकाशावर, तोच गट उघडला की आत एक रेघ नाही, आख्खा तुकडा तसाच. म्हणजे माझं क्षेत्र किती ते लिहिलंय पण ते नक्की कुठं आहे ते सरकारदरबारी कुठंच नाही. बांधावरून वाद झाला म्हणून मोजणी आणली. मोजणीदाराकडे रोव्हर, सॅटेलाईटवरून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं मशीन, पण त्याने जुळवायचं कशाशी? मूळ नकाशा साखळीने मोजलेल्या काळातला, हद्दीचे दगड जेसीबीने कधीच उपटलेले, पोटहिस्स्याचा, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या तुकड्याचा, नकाशा तर झालेलाच नाही. दिवसभर उन्हात उभं राहून शेवटी कोण कुठं कसतंय ती वहिवाट लिहून घेतली आणि गेले. चुलत्यांनी तेव्हापासून आमच्याशी बोलणं टाकलंय, हे मला फार लागतं.

ई-पीक पाहणीचं पण तेच, शेतात उभं राहून पिकाचा फोटो ऍपवर टाकतो, पण नकाशात माझा हिस्साच नाही तर ऍपला तो कळणार कसा? भू-आधारचा, म्हणजे जमिनीच्या ओळखीचा नंबर अख्ख्या गटाला दिला तरी चौघांत तो कुणाचा?

म्हणून मागणी एकच आहे. हिस्सा पाडणारा कुठलाही फेरफार, वाटणीचा असो नाहीतर खरेदीचा, कोऑर्डिनेटसह (अक्षांश-रेखांशासह) नकाशा जोडल्याशिवाय मंजूर करू नका. कर्नाटकात गटाचा तुकडा विकायचा तर आधी ११ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा लागतो, नंतर दस्त होतो. आपल्याकडे पण आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार असं बोललं जातंय, ते प्रत्येक तालुक्यात खरंच सुरू करा, आणि त्यासाठी मोजणी करणाऱ्या भूमी अभिलेख खात्याला माणसं द्या, नाहीतर मोजणीची तारीख मिळायलाच महिने जातील.

जुन्या वाटण्यांसाठी ड्रोन वापरा. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली ना, मग शिवार पण मोजा. फक्त एक, ड्रोनला बांध दिसतो, मालकी दिसत नाही, ज्याने बांध कोरलाय त्याचाच बांध नकाशात पक्का व्हायला नको. म्हणून कच्चा नकाशा आधी चावडीवर लावा, सगळ्या खातेदारांना नोटीस द्या, हरकती शेतात उभं राहून ऐका आणि मगच तो कायम करा.

आपला,
चौघांतला एक खातेदार