टांकसाळीच्या गावाहून

प्राग,
रविवार, रात्री

ति. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, आजचं पत्र आधी तुम्हाला, मग आईला. काल कुत्ना होराला जाऊन आले. प्रागहून पूर्वेला आगगाडीने तासाभराचा रस्ता, जेमतेम वीस हजार वस्तीचं गाव. तिथल्या संत बार्बोराच्या चर्चमध्ये एका बाजूच्या छोट्या देवळीत भिंतीवर १५व्या शतकातली चित्रं आहेत. त्यांत संत नाहीत, राजे नाहीत. नाणी पाडणारे कारागीर आहेत, हातात हातोडा घेऊन कामात गढलेले. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. उभी हयात फोर्टातल्या टांकसाळीत काढलेल्या माणसाची मी मुलगी. लहानपणी तुम्ही नाण्यावरच्या सालाखालचा हिरा दाखवून ‘हे आपल्या मुंबईचं’ म्हणायचात, ते तिथे फार आठवलं.

हे गाव चांदीवर उभं राहिलं. जवळच सेडलेट्स इथे ११४२ साली सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ बसला होता, पण भरभराट आली ती १३व्या शतकाच्या शेवटी, चांदीच्या शिरा सापडल्यावर. चारी दिशांनी माणसं लोटली. राजा वात्स्लाव दुसरा याने १३०० साली खाणींचा कायदा केला, राज्यभर विखुरलेलं नाणी पाडायचं काम या एका गावात आणलं आणि ‘प्राग ग्रोश’ हे चांदीचं नाणं काढलं. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. एका ग्रोशला बारा छोटी नाणी. हे काम उभं करायला राजाने फ्लॉरेन्सचे जाणकार बोलावले, म्हणून टांकसाळीचा वाडा आजही ‘इटालियन वाडा’ म्हणूनच ओळखला जातो.

पद्धत तुम्ही ऐकाच. खालचा ठसा पक्का रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा डाव्या हातात आणि उजव्या हाताने घाव. प्रत्येक नाण्याला माणसाचा हात. तुमच्या प्रेसच्या खडखडाटाची सवय असलेल्या माणसाला हे केवढं संथ वाटेल! तरी हे ग्रोश मध्य युरोपभर चालले आणि १५४७ पर्यंत निघत राहिले. मात्र पुढच्या राजांनी हळूहळू त्यांतली चांदी कमी केली. तुम्ही यावर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

राजा याच वाड्यात उतरायचा. १४०९ साली वात्स्लाव चौथ्याने कुत्ना होराला हुकूम काढून प्रागच्या विद्यापीठात चेक लोकांना तीन मतं आणि बाकी सगळ्यांना मिळून एक मत दिलं. रागावलेले जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी निघून गेले, आणि त्याच वर्षी लाइपझिगचं विद्यापीठ सुरू झालं.

चर्चची गोष्ट मला सगळ्यात आवडली. गावावर सेडलेट्सच्या मठाची धार्मिक हुकमत होती, ती गावकऱ्यांना सोसेना. म्हणून त्यांनी मठाच्या हद्दीबाहेरची जागा शोधली आणि १३८८ मध्ये स्वतःच्या पैशाने बांधकाम काढलं. बार्बोरा ही खाणकामगारांची रक्षणकर्ती. पुढे हुसाइट युद्धांत, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या १५व्या शतकातल्या लढायांत, काम कितीतरी वर्षं थांबलं, चांदी आटली तेव्हा पैसाही संपला, आणि चर्च पुरं झालं ते थेट १९०५ साली. पण ज्यांच्या कष्टाचा पैसा, त्यांचीच चित्रं भिंतीवर, हे मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठं वाटतं. आत पांढरा अंगरखा घातलेल्या खाणकामगाराचा पुतळाही आहे. अंधारात एकमेकांना दिसावं म्हणून ते पांढरं घालायचे.

तोच अंगरखा आणि वर हेल्मेट घालून पाहुण्यांना एका जुन्या खाणीत नेतात. मी गेले. भिंती इतक्या जवळ येतात की काही ठिकाणी आडवं होऊनच पुढे सरकावं लागतं. वर येऊन उजेड पाहिला तेव्हा जीव भांड्यात पडला. ‘ओसेल’ नावाची खाण तर सुमारे ५०० मीटर खोल होती, आणि त्या काळी पाणी उपसायला घोडे आणि माणसंच. बाबा, खाणीत तुम्ही उतरायचं नाही, गुडघ्यांकडे बघा. बाहेर अंगणात घोड्यांनी फिरवायचा प्रचंड रहाट आहे, तो मात्र दाखवीन.

आई, तुझ्यासाठी एक हौद आहे. खाणींमुळे गावातलं पिण्याचं पाणी गेलं, म्हणून लांबून नळाने पाणी आणून १४९५ साली हा बारा बाजूंचा दगडी हौद बांधला. कोरीव काम असं की क्षणभर देऊळच वाटावं. पायाखाली चांदी आणि प्यायला पाणी नाही, याचा विचार डोक्यातून जात नव्हता.

सेडलेट्सचं हाडांचं चर्च तुला नको वाटेल, पण सांगते. प्लेग आणि युद्धांत मेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांची हाडं तिथे आहेत. १८७० मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या सुताराने ती रचून झुंबर आणि कुलचिन्ह केलं. लोक गंमत म्हणून येतात, मला मात्र तिथे हात जोडावेसे वाटले. तू बाहेर बागेत बस, आम्ही लवकर येऊ.

व्हिसाचे कागद आता गोळा करायला लागा; बाबा, पेन्शनचं पासबुक आणि बँकेचं स्टेटमेंट आधी काढा. मेमध्ये या, तेव्हा हवा बरी असते. स्टेशनवरून गावापर्यंत छोटी गाडी जाते, आणि चर्चकडे जाणारा रस्ता फारसा चढाचा नाही. आणि बाबा, पुढच्या फोनवर मला हे नक्की सांगा: असा घाव घालताना डाव्या हाताची बोटं कशी वाचवत असतील?

तुमची,
मनू